निळू फुल्यांचा खलनायक आपण नीट ऐकलाच नाही

लातूर-नांदेडकडच्या महाविद्यालयांत स्नेहसंमेलन असलं की एक नक्कल ठरलेली असते. मुलगा एक खांदा खाली सोडतो, मान तिरकी करतो, डोळे अर्धवट मिटतो, आवाज घोगरा करतो आणि कुणा बाईला वाड्यावर यायला सांगतो. सभागृह खदखदतं, शिट्ट्या पडतात. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत तर नक्कल हा रीतसर स्पर्धेचा प्रकार आहे, आणि तिथेही हा आवाज आला नाही असं सहसा होत नाही. गणपतीचा मांडव, हळदीची रात्र, मोबाइलवरचे रील, सगळीकडे तोच खांदा आणि तोच घोगरेपणा. निळू फुले १३ जुलै २००९ रोजी पुण्यात गेले. आज विशीत असलेल्या मुलामुलींनी त्यांचा एकही चित्रपट पूर्ण पाहिलेला नसतो, पण हा आवाज त्यांना पाठ असतो. वाड्यावरचा लंपट पाटील एवढीच निळूभाऊंची ओळख उरली आहे.

ही ओळख उथळ आहे आणि तिच्यामुळे आपलं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे. निळू फुल्यांनी उभा केलेला पाटील-पुढारी हा ग्रामीण सत्तेचा मराठी पडद्यावरचा सगळ्यात बारकाईचा अभ्यास आहे. त्या अभ्यासाचं मर्म त्या पात्राच्या लंपटपणात सापडत नाही, ते त्याच्या सौजन्यात आहे. नक्कल नेमकं हे सौजन्य गाळते आणि घोगरेपणा तेवढा ठेवते. ज्या दोन जिल्ह्यांत मी हे लिहितो आहे, तिथे सत्ता नेहमी गोडच बोलत आली. म्हणून हे गाळणं इथे जास्त महागात पडतं.

हे म्हणणं मी टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. खुर्चीकडे खालून पाहिलेला माणूस

निळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० च्या सुमाराचा, पुण्यातल्या मोठ्या खटल्याच्या, बेताच्या परिस्थितीतल्या घरातला. ऐन उमेदीत ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून कामाला लागले. दुसरीकडे राष्ट्र सेवा दल होतं. सेवा दलाच्या कलापथकात राम नगरकरांसारखे सोबती होते, समाजवादी विचारांची शिबिरं होती, आणि गावोगाव फिरून लोकनाट्यं करायची होती. १९५७ च्या निवडणुकीच्या काळात त्यांनी 'येरागबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य लिहिलं. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे'मध्ये त्यांनी रोंग्या केला. 'कथा अकलेच्या कांद्याची' या शंकर पाटलांच्या लोकनाट्याने त्यांचं नाव महाराष्ट्रभर झालं आणि १९६८ मध्ये अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तून ते पडद्यावर आले. त्यातले झेले अण्णा लोकांनी उचलून धरले.

हा क्रम नुसता चरित्राचा तपशील म्हणून वाचला तर हाती काही लागत नाही. यात प्रशिक्षण दडलेलं आहे. वगात राजा असतो, प्रधान असतो, आणि त्यांची रेवडी उडवणारा सोंगाड्या असतो. राजाची फजिती करायची तर सोंगाड्याला राजा बारकाईने माहीत असावा लागतो. तो कुठे थांबतो, कुणाकडे न बघता बोलतो, कौतुक कधी करतो, पान खाताना समोरच्याला किती वेळ ताटकळत ठेवतो, हे सगळं. निळूभाऊंनी उमेदवारीची वर्षं सोंगाड्याच्या जागेवरून ही निरीक्षणं करण्यात घालवली. पुढे सिनेमाने त्यांना उचलून थेट राजाच्या जागेवर बसवलं. खुर्ची बदलली, कान तोच राहिला.

म्हणूनच त्यांचा पाटील आतून कळलेला वाटतो. तालेवार घरातून आलेल्या नटाने पाटील केला की तो रुबाबाकडे झुकतो, शहरी नटाने केला की क्रौर्याकडे. माळ्याची नोकरी केलेल्या माणसाला साहेब चालत येताना आधी त्याचे पाय दिसतात, मग आवाज येतो आणि चेहरा सगळ्यात शेवटी. निळूभाऊंच्या भूमिकांत सत्ता याच क्रमाने प्रवेश करते. धोतराचा सोगा, वहाणांचा करकर आवाज, एखादं खाकरणं, आणि मग ते मंद, ओढलेलं वाक्य.

२. हिंदुरावाचा पाहुणचार

जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट 'सामना', पटकथा विजय तेंडुलकरांची, निर्मिती रामदास फुटाण्यांची. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात तो गेला. गोष्ट अशी: दारूच्या आहारी गेलेला, एकेकाळी स्वातंत्र्यलढ्यात असलेला एक मास्तर (डॉ. श्रीराम लागू) एका गावात येऊन पडतो. त्या गावावर हिंदुराव धोंडे पाटलाचा अंमल आहे. साखर कारखाना त्याचा, संस्था त्याच्या, माणसं त्याची. हिंदुराव मास्तरला हाकलून देत नाही, घरी आणतो. खायला घालतो, प्यायला देतो, आपला पसारा दाखवतो. मास्तरच्या कानावर मारुती कांबळे नावाच्या माजी सैनिकाच्या नाहीसं होण्याची कुणकुण येते आणि तो ते नाव सोडायला तयार होत नाही. मग या दोन माणसांचा खेळ सुरू होतो.

हिंदुरावाचं प्रत्येक पाऊल कागदावर चांगुलपणाचं आहे. बेवारस माणसाला आसरा देणं चांगलं. त्याचं व्यसन समजून घेणं मोठ्या मनाचं. गावात कारखाना आणणं ही तर प्रगतीच. तेंडुलकरांनी लिहिलेल्या या कोड्याला निळूभाऊंनी अंग दिलं, आणि ते देताना सगळ्यात धाडसाची गोष्ट केली: हिंदुरावाचं सौजन्य त्यांनी खोटं वाटू दिलं नाही. मास्तरबद्दल त्याला खरोखर कुतूहल आहे. त्याच्या कारखान्यावर त्याचं खरं प्रेम आहे. आपण गावाचं भलं करतो आहोत यावर त्याचा विश्वास आहे. एखादा कमी ताकदीचा नट इथे प्रेक्षकाला डोळा मारून गेला असता, 'मी आतून काळा आहे बरं का' असं सुचवून गेला असता. निळूभाऊ तसं करत नाहीत. त्यामुळे मारुती कांबळेचा प्रश्न एका दुष्ट माणसावर येत नाही. तो त्या कारखान्यावर, त्या पाहुणचारावर, आपण रोज ज्याला विकास म्हणतो त्यावर येतो.

आवाजाकडे पाहा. नकलाकार आवाज चढवतात. निळूभाऊंचा पाटील चिडतो तेव्हा आवाज उतरवतो. खालच्या पट्टीत बोलणाऱ्याचं ऐकायला चारचौघांना गप्प बसावं लागतं, पुढे वाकावं लागतं. ती शांतता हीच त्याची सत्ता. दुसरी गोष्ट वाक्यांची. हुकूम तो क्वचितच पुरता उच्चारतो. अर्ध्यावर सोडतो, उरलेलं भोवतीची माणसं पुरं करतात. काय करायचं ते त्यांनी करायचं, आणि उद्या कुणी विचारलं तर साहेब तसं काही बोललेच नव्हते. गावकीत वावरलेल्या कुणालाही हे अर्धं वाक्य ओळखू येतं. पोलीस पाटलाच्या जबाबात ते येत नाही, कोर्टात सिद्ध होत नाही, पण घरं त्यानेच उठतात.

या चित्रपटातल्या पात्रवाटपातही विचार आहे. लागू शिक्षणाने कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, निळूभाऊ माळीकाम करून आलेले. पडद्यावर शल्यचिकित्सक कफल्लक झाला आणि माळी मालक. दोघेही विवेकवादी, दोघेही चळवळीतले. आपापल्या वर्गाच्या विरुद्ध टोकाला उभं राहून एकमेकांकडे पाहणारे ते दोन नट हा 'सामना'चा खरा सामना आहे.

३. गढी, साल आणि संस्था

आता हा हिंदुराव लातूर-नांदेडात आणून पाहू.

पश्चिम महाराष्ट्रात इंग्रजांची रयतवारी होती. आपल्याकडे निजाम होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपलं, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. कायद्याने गढ्या रिकाम्या केल्या, पण वहिवाट गेली नाही. पांढऱ्या मातीच्या गढीचे बुरूज ढासळले, आतला माणूस मात्र आधी पंचायतीत, मग सोसायटीत, मग शिक्षण संस्थेत जाऊन बसला. साखर कारखानदारीचा जोर इथे पश्चिमेच्या मानाने उशिरा आला. म्हणजे पुणे-सांगलीच्या प्रेक्षकाला हिंदुराव ओळखीचा वाटला असेल, तर इथल्या प्रेक्षकाला तो पुढे येऊ घातलेल्या गोष्टीची खबर होता.

आणि या खबरीची भाषा आम्हाला आधीपासून येत होती. सालगड्याचं उदाहरण घ्या. आपल्याकडे गुढीपाडव्याला साल ठरतं. वर्षाचे पैसे, धान्य, कपडा, वहाण असं बोलणं होतं, उचल दिली जाते. हे बोलणं ओट्यावर होतं, चहा पाजून होतं. मालक दर सांगत नाही, घरोबा सांगतो. "आपलंच घर हाय, आमी काय परके हाव का?" पोराच्या लग्नाला आणखी उचल मिळते, बायकोच्या आजारपणात मिळते, आणि कुणी हात उगारला नाही तरी पुढच्या पाडव्याला साल सोडता येत नाही, कारण उचल फिटलेली नसते. साखळी कुठे दिसत नाही. मायाच दिसते, आणि ती पुष्कळदा खरीही असते. या व्यवहाराला जुलूम म्हणायला सालगड्याची स्वतःचीच जीभ वळत नाही, इतका तो गोड असतो.

निळूभाऊंचा पाटील याच गोडव्याने बोलतो. त्यांच्या बोलीला पश्चिमेकडचा हेल आहे, आमच्या 'करलालो-जाऊलालो'चा नाही. तरी माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत, घोड्या-गाढवांचा बाजार आणि तमाशाचे फड यांच्या शेजारच्या तंबूत बसलेल्या प्रेक्षकाला त्याचा अर्थ लावायला दुभाष्या लागला नाही. पडद्यावरचा माणूस पाडव्याला ओट्यावर भेटलेलाच होता.

सत्तेची आम्हाला आणखी एका अर्थाने सवय आहे. या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: नांदेडने शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण, लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. याचा अभिमान आहे आणि तो असायला हरकत नाही. पण त्याचा एक परिणाम आपण फार बोलून दाखवत नाही. इथल्या साध्या माणसाला सत्ता दूर मुंबईत असते असं कधी वाटलंच नाही. ती पाव्हण्या-रावळ्यांत असते, लग्नाच्या पंगतीत असते, कुणाच्या तरी मामाच्या ओळखीत असते. जवळची सत्ता ओळखणं दूरच्या सत्तेपेक्षा कठीण. तिच्याविरुद्ध बोलायचं तर नात्याविरुद्ध बोलावं लागतं. अशा मुलखाला सौजन्याचं चित्रण करणारा नट हवाच होता. तो मिळाला, आणि आपण त्याचा एक घोगरा विनोद करून टाकला.

४. खुर्चीच्या इतर बाजू

'एकच साचा' असा शिक्का मारणाऱ्यांनी त्यांची बाकीची कामं शेजारी ठेवून पाहावीत.

१९७२ चं 'सखाराम बाइंडर', दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचं. परीक्षण मंडळाने नाटक अडवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सारंग जिंकले. त्यातला सखाराम नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घरी आणतो आणि राहण्याच्या अटी आधीच स्पष्ट सांगतो. हा हिंदुरावाच्या नेमका उलटा माणूस. याच्याकडे सौजन्य औषधालाही नाही, सगळं रोखठोक. आणि तरी तोही हुकूमशहाच, चार भिंतींपुरता. लालन सारंगांच्या चंपासमोर त्याची हुकूमत कशी चिरत जाते ते निळूभाऊंनी रंगमंचावर शरीराने दाखवलं. सत्ता ढोंगी असते एवढंच त्यांना सांगायचं असतं तर सखाराम त्यांना जमला नसता. प्रामाणिक माणसाच्या हातातही सत्ता काय करते, हे त्यांना ठाऊक होतं.

१९७९ चा 'सिंहासन', अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. तिथे ते पत्रकार दिगू टिपणीस. मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक), अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (लागू), दोघांच्या डावपेचांत सगळीकडे असलेला आणि कुठेच नसलेला साक्षीदार. दिगूकडे अधिकार नाही, फक्त माहिती आहे, आणि माहितीच त्याला शेवटी मोडते. ज्या नटाने खुर्ची इतकी आतून रंगवली, त्यानेच खुर्चीकडे नुसतं बघत राहिल्याने वेडा होणारा माणूस केला. दोन्ही भूमिका एकमेकींशिवाय अपुऱ्या आहेत. मला विचाराल तर दिगू हे त्यांचं सर्वांत अवघड काम, कारण इथे टेकायला खुर्चीच नाही. सगळा अभिनय ऐकण्याचा आहे. दुसरा बोलत असताना दिगूचा चेहरा पाहत राहा. आधी कुतूहल, मग सवय, मग थकवा, असं त्याचं वय चित्रपटभर वाढत जातं.

जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये ते वृद्ध गांधीवादी बाप झाले, ज्याचा मुलगाच राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर आहे. १९८४ च्या 'सारांश'मध्ये महेश भट्टांनी त्यांना गजानन चित्रे दिला. धोतर गेलं, गाव गेलं, मुंबईची इमारत आली, तरी निवृत्त शिक्षकाच्या दारात उभं राहून त्याला जगणं नकोसं करणारी ती शांत ताकद तीच. पाटीलकी ही पोशाखात नसते, हे सिद्ध करायला आणखी काय पाहिजे?

खुर्चीत बसलेला, चार भिंतींत राज्य करणारा, खुर्चीकडे बघून वेडा झालेला, खुर्चीने ज्याचा मुलगा नेला तो बाप. एका नटाने सत्तेचं असं सगळ्या बाजूंनी केलेलं दर्शन मराठीत दुसरं नाही.

५. समकालीन एक अमेरिकन

अमेरिकेचा जीन हॅकमन १९३० चाच. दिसायला साधा, उमेदवारीच्या काळात न्यूयॉर्कमध्ये दरवानाची नोकरी केलेला, नायकाचा चेहरा नसलेला. २०२५ मध्ये तो गेला. १९९२ च्या 'अनफर्गिव्हन'मध्ये त्याने लिटल बिल नावाचा शेरीफ केला आणि ऑस्कर मिळवलं. लिटल बिल गावात बंदूक आणणाऱ्यांना निर्दयपणे तुडवतो, आणि फावल्या वेळात स्वतःच्या हाताने स्वतःचं घर बांधतो. छप्पर गळतं, कारण सुतारकाम त्याला येत नाही. त्या घरामुळे तो भयंकर होतो: शांतता, कायदा, निवारा यांवर त्याचं खरं प्रेम आहे, आणि त्या प्रेमापोटीच तो माणसं चेचतो. हिंदुरावाचा कारखाना आणि लिटल बिलचं घर ही सख्खी भावंडं आहेत. 'सामना' 'अनफर्गिव्हन'च्या १७-१८ वर्षं आधीचा आहे, एवढं फक्त लक्षात ठेवावं. निळूभाऊंची थोरवी सांगायला परक्याची शिफारस लागत नाही. तुलना यासाठी की, स्वतःला चांगला समजणारा खलनायक ही अभिनयातली सगळ्यात अवघड चढण आहे, आणि आपला माणूस ती आधी चढून गेला होता.

६. आक्षेप

पहिला आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि तो बायकांच्या बाजूने येतो. शंभरावर चित्रपट केलेल्या या नटाच्या कितीतरी भूमिकांत बाई ही केवळ शिकार आहे. कॅमेरा तिच्यावर रेंगाळतो, तंबूत शिट्ट्या पडतात. हा सत्तेचा अभ्यास म्हणायचा की सत्तेची चैन? मी हा आक्षेप उडवून लावणार नाही. त्या चित्रपटांपैकी बरेच सुमार होते, त्यांच्या लेखक-दिग्दर्शकांना हिंदुरावाशी देणंघेणं नव्हतं, त्यांना वाडा, बाई आणि किंकाळी एवढंच हवं होतं. निळूभाऊंनी ते केले आणि आजच्या नकलेचं बीज तिथेच आहे. नटाची जबाबदारी यातून सुटत नाही. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे: त्या सुमार चित्रपटांतही त्यांनी तो पाटील कधी आवडता होऊ दिला नाही. त्यांना गावोगाव बायका शिव्या घालायच्या, बोटं मोडायच्या, हे आजही सांगितलं जातं. पुढच्या काळात हिंदी-मराठी पडद्यावर खलनायकाला टाळ्या मिळू लागल्या, त्याची स्टाइल झाली. निळूभाऊंच्या वाट्याला तिरस्कार आला. बायकांनी दिलेला तो शाप म्हणजे त्यांनी माणूस बरोबर ओळखल्याची पावती होती. आज त्यांच्या नकलेवर पोरं शिट्ट्या मारतात, तेव्हा त्या तिरस्काराचं उलट झालेलं असतं. त्याचा दोष निदान त्यांच्या माथी मारू नये.

दुसरा आक्षेप: तुम्ही त्यांच्या चळवळी त्यांच्या अभिनयात कोंबता आहात. सेवा दल, लागूंबरोबर 'लग्नाची बेडी'चे दौरे करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे उभे करणं, अंधश्रद्धा निर्मूलनाला साथ, हे सगळं वंदनीय, पण चांगला कार्यकर्ता चांगला नट असतो असं थोडंच आहे? मान्य. मी चांगुलपणाचा दाखला देत नाही, नजरेचा देतो. आपण कुठे उभे राहून जग पाहिलं, यावर नटाला काय दिसतं ते ठरतं. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून खेळ करत फिरणाऱ्या नटाला गावच्या पुढाऱ्याची रीत माहीत असते, कारण त्याच पुढाऱ्याकडे सभागृहासाठी, मंडपासाठी, परवानगीसाठी जावं लागतं. तिथेही चहा मिळतो, पाठीवर हात पडतो, आणि काम मात्र पुढच्या आठवड्यावर जातं.

तिसरा आक्षेप असा की हा खलनायक कालबाह्य आहे. वाडे पडले, पाटीलकी संपली, आता कोण कुणाला वाड्यावर बोलावतं? याचं उत्तर थोडं सविस्तर द्यायला हवं.

७. आजचा अध्यक्ष

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ज्या मुलखात पाणी गाडीने येतं, तिथे टँकर आधी कुठल्या गल्लीत वळतो हे ठरवणाऱ्या माणसाला वाड्याची गरज उरत नाही. नीटच्या तयारीसाठी राज्यभरातून मुलं लातुरात येऊन खोल्यांत राहतात. तिथे एका प्रवेशासाठी, एका सवलतीसाठी शब्द टाकू शकणाऱ्या माणसाला धोतर नेसावं लागत नाही.

आणि सालगड्याच्या जागी आता विनाअनुदानित शाळेतला शिक्षक आहे. डी.एड., बी.एड. झालेला, कधीतरी अनुदान येईल या आशेवर वर्षानुवर्षं नाममात्र पगारात किंवा बिनपगारी शिकवणारा. उन्हाळ्यात रोजंदारीला जाणारा, आणि जूनमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत परतणारा. त्याचं साल पाडव्याला ठरत नाही, मंत्रालयातल्या फाइलवर ठरतं, पण ओटा तोच आहे. त्या शिक्षकाला अध्यक्ष 'सर' म्हणतात. खुर्ची देतात. संस्था आपलीच आहे असं सांगतात. पोराची फी माफ करतात. निवडणुकीत दोन महिने फिरायला लागेल हे मात्र बोलत नाहीत, ते शिपाई येऊन सांगतो. अर्धं वाक्य, उरलेलं भोवतीच्या माणसांनी पुरं केलेलं.

हे पात्र अजून मराठी पडद्यावर नीट आलेलं नाही. येतो तो ढेरीवाला, सोन्याची साखळी घातलेला, ओरडणारा पुढारी, ज्याला पाहून खऱ्या अध्यक्षांनाही हसू येतं आणि शेजारी बसलेला शिक्षकही त्यांच्याबरोबर निर्धास्त हसतो. दक्षिणेतून आलेला डब केलेला खलनायक तर कुऱ्हाड घेऊनच येतो. कुऱ्हाडीला आपला शिक्षक भीत नाही, ती त्याने कधी पाहिलेलीच नाही. तो भितो तो पाठीवर पडणाऱ्या हाताला.

राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रं आपल्याकडे आहेत, महाविद्यालयांत एकांकिका होतात, आणि लातूर-नांदेडच्या पोरांना तालमीची हौस दांडगी आहे. त्यांच्यातल्या कुणी हा अध्यक्ष लिहायला घेतला, तर तो करणाऱ्या नटाला घोगरा आवाज अजिबात लागणार नाही. त्याला शिक्षकाच्या मुलीच्या परीक्षेची खरी काळजी वाटावी लागेल. चहा स्वतःच्या हाताने पुढे करावा लागेल, कपाची कड समोरच्याकडे वळवून. त्याच्या संस्थेच्या पहिल्या पत्र्याच्या खोलीबद्दल बोलताना त्याचे डोळे भरून यावे लागतील, आणि ते पाणी खरं असावं लागेल. मग त्याने मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायचं आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचं.